मंगळाचे हातमोजे

आत्याला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती म्हणायची, "हातमोजे शिवते." समोरच्याच्या डोळ्यांसमोर लोकरीचे, थंडीतले हातमोजे यायचे आणि तो विषय बदलायचा. तिला तेच हवं असायचं. मंगळावर उतरणाऱ्या माणसांचे हातमोजे शिवते असं सांगितलं, की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात, सगळे विचारतात तेच विचारतात आणि शेवटी "केवढी अभिमानाची गोष्ट!" म्हणून मोकळे होतात. अभिमान या शब्दाचं आत्याला अजीर्ण झालं होतं. तिच्या घरात तो शब्द पहिल्यांदा आला तो तिच्या भावाच्या अंत्यविधीला, संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या तोंडून.

खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की थेट शिवणखान्यात येऊन कापडाच्या गुंडाळ्यांवर बसायची आणि "आत्या, भूक लागली" म्हणून दालन डोक्यावर घ्यायची. तेव्हा नियम इतके कडक नव्हते. त्यामुळे शिवणाऱ्या बायका, झाडूवाला, फाटकावरचा पहारेकरी, सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. पुढे विभागाचे साहेबसुद्धा म्हणायला लागले, आणि ते तर तिच्यापेक्षा वयाने मोठे होते.

शिवणखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं एक लांबलचक दालन. खिडक्या कायमच्या बंद, धूळ नको म्हणून. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि प्रत्येक बाईच्या टाचण्यांचं डोकं वेगळ्या रंगाचं. मंगळावरच्या पोशाखात एखादी टाचणी राहून गेली तर ती कुणाची हे रंगावरून कळावं म्हणून. आत्याच्या टाचण्या निळ्या होत्या आणि इतक्या वर्षांत एकही निळी टाचणी कुठे सापडली नव्हती. शरीराचा पोशाख यंत्रावर शिवला जायचा, पण बोटांचे सांधे हातानेच शिवावे लागत. कारण मंगळावर हवा नावापुरती. पोशाखाच्या आत मात्र माणसाला जगवण्याइतकी हवा भरलेली, त्यामुळे हातमोजा फुगून टणक होतो. हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये पाच बोटं अडकवून कुणी सुईत दोरा ओवायला सांगावा, तसं ते काम. शिवण केसभर चुकली तरी दिवसाअखेर नखं सोलून निघतात. आत्याच्या मोज्यात नखं सोलली जात नसत. शिवाय ती प्रत्येक बोटाच्या मुळाशी आतून एक वेगळा पडदा शिवायची. एक बोट फाटलं तर हवा तिथेच अडावी, बाकीचा हात वाचावा, म्हणून.

या शिवणखान्याची एक रीत होती. मोजा पूर्ण झाला तरी मनगटाजवळची शेवटची गाठ मारायची नाही. दोरा लोंबताच ठेवायचा. मग ज्याचा मोजा तो माणूस चाचणीच्या पेटीत हात घालणार, पेटीतली हवा काढून घेणार, तो आत वेगवेगळी कामं करून दाखवणार, आणि शिवणारी बाई शेजारी उभी राहून त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघणार. बसला, तर ती सगळ्यांसमोर गाठ मारायची. नाही बसला, तर कात्रीने शिवण उघडी करायची, म्हणजे तो मोजा चुकूनही दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ नये. इंजिनिअर, डॉक्टर, साहेब, सगळे काचेपलीकडे उभे. त्या एका घटकेला बोलायचा अधिकार फक्त शिवणारीला. कागदावर हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

भाऊ याच संस्थेत इंजिनांच्या चाचणीवर होता. एका सकाळी एक झडप अडकली. इंजिन जमिनीला बोल्ट मारून आवळलेलं होतं, ते कुठेही जाणार नव्हतं, पण जाताना तीन माणसं घेऊन गेलं. मोठे साहेब अंत्यविधीला आले आणि म्हणाले, "आम्हांला यांचा अभिमान आहे. यांचं बलिदान मंगळापर्यंत पोचेल." आत्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, की कोणत्या रस्त्याने पोचेल तेवढं सांगा. पण कडेवर भावाची पोर होती आणि ती झोपली होती, म्हणून ती गप्प बसली.

वहिनीने वर्षभर दिवस काढले आणि मग दुसरं लग्न केलं. नव्या घरी पोरीला जागा नव्हती. आत्याने वहिनीला नावं ठेवली नाहीत, निदान तोंडावर तरी नाहीत. पोर तिच्या पदरात पडली आणि तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. लोक विचारायचे, ज्यांनी भाऊ खाल्ला त्यांच्याकडेच नोकरी कशी करवते? आत्या म्हणायची, "दुसरं कोण घेणार मला? मंगळाचे मोजे बाजारात कोण घालतं?"

पोर मोठी झाली आणि दगडधोंड्यांच्या नादी लागली. आधी रस्त्यावरचे दगड, मग पुस्तकातले, मग एकदम मंगळावरचे. वाळलेल्या तळ्यांच्या तळाची माती, तिच्यावर धरलेली साय, ती साय कुठे वजन पेलते आणि कुठे पायाखाली फुटते, हा तिचा खास विषय. आत्याला आधी कौतुक वाटलं, मग धास्ती. तोवर उशीर झाला होता.

स्वयंपाकघरातल्या लहानशा टेबलावर दोघींचा रोज वाद रंगायचा.

"शेजारचा ग्रह म्हणे!" आत्या चहा ओतताना म्हणायची. "शेजारी कसा असतो? वाटीभर साखर मागितली तर देतो. हा तुमचा शेजारी श्वासभर हवा देत नाही. असल्या तुसड्याच्या दारात कशाला जायचं तडमडायला?"

"कारण त्याच्याकडे एकेकाळी सगळं होतं. नद्या होत्या, तळी होती. मग त्याचं असं का झालं, हे बघायला नको?"

"दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड तुला लागली कुठून?"

"तुझ्याकडूनच. खालच्या मजल्यावर भांडण लागलं की खिडकीशी कोण उभं असतं?"

यावर दोघी हसायच्या. पण पहिली तुकडी मंगळावर जाऊन आली आणि वादातलं हसू संपलं. सहाजण गेले होते, चौघे परतले. न आलेल्या दोघांचे मोजे आत्यानेच शिवले होते. माप घेताना प्रत्येक प्रवाशाच्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा काढत, आणि ते पंजे शिवणखान्याच्या फळीवर ओळीने मांडलेले असत. त्या दोघांचे पंजे तिथेच राहिले. कुणी काढायचे, हे ठरत नव्हतं, म्हणून सगळ्याजणी त्यांच्याभोवतीची धूळ पुसायच्या.

"सांग मला," आत्या त्या दिवसांत म्हणाली, "तिथे एकेकाळी पाणी होतं हे समजलं. बरं. त्या पाण्यात काही वळवळत होतं, हेही समजेल. त्याने कुणाचं काय भलं होणार आहे? किराणा स्वस्त होणार? त्या दोघांच्या घरी जाऊन सांगशील, की तुमचा मुलगा गेला पण आम्हांला चिखलाचं वय कळलं?"

भाचीने कप खाली ठेवला. "कळल्याने भलंच व्हायला पाहिजे का? माणसाला कळावंसं वाटतं. बाबालाही वाटत होतं."

"तुझा बाप कळून घ्यायला नाही मेला. झडप अडकली म्हणून मेला."

"तुला तसं म्हणायचंय कारण तुला तसं सोपं जातं," भाची म्हणाली. "बाबा कशासाठी गेला, हे मला कुणीतरी तिथे जाऊन आल्याशिवाय ठरवता येणार नाही. आणि कुणीतरी म्हणजे मीच का नको?"

आत्याने तिला घरातून बाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं. चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी भाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, मी निवडली गेले." आणि आत्याचा हात आपोआप तिच्या केसांवर गेला. हाताला काय, सवय असते.

दुसऱ्या तुकडीत मातीची जाणकार म्हणून तिची निवड झाली होती. तिच्यामागे एक उंच, कमी बोलणारी मुलगी ठेवली होती. पहिलीचं काही कारणाने रद्द झालं तर ही जाणार. शिवणखान्यात सगळे तिला 'बदली' म्हणायचे आणि तिलाही त्याचं वाईट वाटायचं नाही. नियमाप्रमाणे तिचेही मोजे आधीच शिवून तयार होते. साहेबांनी आत्याला बोलावून हळूच विचारलं, "घरच्या माणसाचं काम आहे. जमेल ना? नाहीतर दुसरीकडे देऊ."

"दुसरी कोण आहे?" आत्या म्हणाली. साहेबांनी मापाचा कागद तिच्याकडे सरकवला.

तिने ते मोजे शिवले. तसं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, हे शेजारी बसणाऱ्या बायकांनीही कबूल केलं. भाचीच्या बोटांचं माप घ्यायला तिला प्लॅस्टरचा पंजा लागत नव्हता. अंगठा चोखायची तेव्हापासूनचा हात होता तो. टाका घालताना तिच्या डोक्यात एकच चाललेलं असायचं, की हे इतकं नीट का करतेय मी? पण नीट न करणं तिला येतच नव्हतं.

चाचणीचा दिवस आला. सकाळची वेळ, पेटीच्या खोलीत पांढरा उजेड. काचेपलीकडे साहेब, डॉक्टर, दोन इंजिनिअर आणि त्यांच्या मागे बदली. भाचीने पेटीच्या भोकातून दोन्ही हात आत घातले, पंपाने हवा ओढली, मोजे फुगले. तिने नट बोल्टावर चढवला. खडू उचलला. हातोडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग जरा शायनिंग मारायची म्हणून तिने दोऱ्याला गाठ मारून दाखवली, आणि काचेपलीकडचे लोक हसले. आत्याने बाजूच्या भोकाला जोडलेल्या पातळ मोज्यात हात घालून तिच्या बोटांवर बोटं ठेवली. सांधा सांध्यावर होता, शिवण शिवणीच्या जागी. दोष काढायला बसली असती तरी सापडला नसता.

"बसला का, आत्या?" साहेबांनी विचारलं.

हवा परत सोडली, हात बाहेर आले. आत्याने उजव्या मोज्याचा लोंबता दोरा चिमटीत धरला. गाठ मारायची, दुसरं काही नाही. भाची तिच्याकडे बघून हसत होती, आणि ते हसू अगदी भावाचं होतं. तोही असाच हसत कामावर गेला होता. आत्याच्या दुसऱ्या हातात कात्री कधी आली ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने करंगळीची शिवण टोकापासून मनगटापर्यंत उघडी केली.

"नाही बसला," ती म्हणाली. "करंगळीला अडतंय."

नवा मोजा शिवून, तापवून, वाळवून तयार व्हायला काही महिने लागतात, आणि यान काही आठवड्यांत निघणार होतं. मंगळ काही कुणासाठी जवळ थांबत नाही. त्या कात्रीचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. साहेबांचा चेहरा पडला. रीत नव्हती तरी त्यांनी पहिल्यांदाच प्रवाशाला विचारलं, "काय ग, अडतंय का तुला?"

आत्याने या घटकेची तयारी केली होती, निदान आता तिला तसं वाटत होतं. पोरगी ओरडणार, आत्या खोटं बोलतेय म्हणणार. म्हणू दे. कापलेला मोजा कुणाला तपासता येत नाही. नोकरी जाईल, बेअब्रू होईल, कदाचित खटलाही भरतील. होऊ दे. पोर जमिनीवर राहील. हा सगळा हिशेब तिने मनात मांडलेला होता, आणि त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती.

भाचीने आधी कापलेल्या मोज्याकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं, नीट, आत्याला आपल्या टोपीखाली घाम फुटल्याचं जाणवेपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलंही नव्हतं.

"हो," ती साहेबांना म्हणाली. "थोडं अडत होतं. मीच बोलले नाही."

बदली गेली. यान उडालं तेव्हा शहरभर लोक गच्च्यांवर चढले होते. आत्या भांडी घासत होती.

भाची कुठे निघून गेली नाही. त्याच घरात राहिली, वेळेवर जेवली, दुखलंखुपलं विचारत राहिली. फक्त ती आत्याला 'अहो' म्हणायला लागली. "आत्या, तुम्ही शुगरची गोळी घेतलीत का?" "आत्या, तुम्हांला बाजारातून काही आणू?" बाहेरच्यांना वाटायचं, काय संस्कार आहेत! आत्याने एकदा रडून तिला म्हटलं, शिव्या दे, भांड, काहीतरी बोल. भाची म्हणाली, "तुमचं नाव जायला नको होतं, एवढंच. तुम्ही मला वाढवलंत." पुढच्या तुकडीसाठी तिने अर्ज केला, पण निवड करणाऱ्यांनी एकदा हात अडलेल्या माणसाकडे पुन्हा बघितलं नाही. मग ती संपर्काच्या टेबलावर बसायला लागली. मंगळावर फिरणाऱ्या बदलीला इथून मातीबद्दल सल्ला द्यायचा. एक वाक्य तिथे जाऊन उत्तर परत येईपर्यंत चहा निवून जायचा. मधल्या वेळात ती नुसती बसून असायची.

आणि आत्या? आत्या रोज बातम्या ऐकायची. यान पोचलं, सुखरूप उतरलं, माणसं चालायला लागली. पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं आणि आत्याचा जीव कासावीस व्हायला लागला. एक दिवस भाजी चिरताना तिने स्वतःला रंगेहाथ पकडलं: ती वाट बघत होती. काहीतरी वाईट घडावं याची वाट. म्हणजे पोरीला कळेल, आत्याने काय केलं ते. तिने सुरी खाली ठेवली आणि स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बातम्या ऐकायला बसली.

मग ते घडलं. एका वाळलेल्या तळ्याच्या काठाने गाडी जात असताना जमिनीवरची साय फुटली आणि गाडी खाली घसरली. चालक चाकाखाली सापडून गेला. तो तुकडीतला सगळ्यांत गमत्या माणूस होता, रेडिओवर रोज एक फालतू विनोद सांगायचा. बदली वाचली, पण तिच्या हाताला इजा झाली.

भाची संपर्काच्या टेबलावरून दुपारी घरी आली. चेहरा राखेसारखा. आत्या दारातच उभी होती, आणि तिच्या तोंडून जे जायला नको तेच गेलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "बघितलंस आता?"

भाचीने चपला काढल्या, जागेवर ठेवल्या.

"बघितलं," ती म्हणाली. "त्या जमिनीवरून गाडी नेतात का, आत्या? तिने रस्ता विचारला होता मला. माझं 'थांबा' तिथे पोचेपर्यंत चाकं सायीवर गेली होती. मी तिथे असते तर नुसतं बघून ओळखली असती. कदाचित. नसतीही ओळखली. आता ते कुणालाच कळणार नाही."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं, हळूच, कडीचा आवाज न करता. आत्या बाहेर उभी. एका माणसाला वाचवायला निघालेली बाई, आणि तिच्या खाती एक विनोदी माणूस जमा झाला होता, ज्याचा हात तिने मापात धरलेला होता. त्याचा पंजा फळीवर होता. तिने दुसऱ्या दिवशी शिवणखान्यात जाऊन तो बघितला सुद्धा नाही.

तुकडी परतली. सत्कार झाले, भाषणं झाली, 'अभिमान' झाला. हे सगळं आटोपल्यावर एका दुपारी बदली शिवणखान्यात आली. चालण्यात अजून तोल नव्हता. बायकांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. तिने डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

"बाकीचा हात तुमच्यामुळे आहे," ती आत्याला म्हणाली. "गाडी घसरली तेव्हा कपारीत मोज्याची दोन बोटं फाटली. आतले पडदे टिकले नसते तर मीच आले नसते."

आत्याने तो हात हातात घेतला नाही. तिच्यात धीर नव्हता. तिने जे विचारायचं ते रोखठोक विचारलं, "काय मिळालं एवढं करून?"

बदलीने प्रश्न टाळला नाही. "तळ्याचा गाळ आणलाय. त्यात कधीकाळच्या जिवाची खूण असेल, नसेल. अजून तपासताहेत, वर्षानुवर्षं तपासतील. चालकाच्या बायकोला भेटून आले. तिनेही हेच विचारलं. मला काही सांगता आलं नाही."

"म्हणजे फुकट गेलं."

"तसंही म्हणवत नाही, आत्या."

"आणि पुन्हा बोलावलं तर?"

"तर जाईन," बदली म्हणाली आणि मान खाली घातली, जणू काही वाईट सवय कबूल करत होती.

आत्याचा संताप अनावर झाला. मूर्ख आहात सगळे, तिला ओरडायचं होतं. त्या ग्रहाला तुमचं काही पडलेलं नाही, आणि तुम्ही त्याच्या पायांवर बोटं वाहून येता, माणसं वाहून येता, वर पुन्हा निघता. ती तोंड उघडणार इतक्यात दार ढकलून भाची आत आली. बदली आल्याचं तिला खालच्या मजल्यावर कळलं असावं. ती धावत जिना चढून आली होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ बदलीपाशी जाऊन ती जमिनीवर बसली आणि तिने तो तुटका हात दोन्ही हातांत धरला. आत्याला तिने त्या चाचणीनंतर एकदाही स्पर्श केलेला नव्हता.

"मोजा फाटला तेव्हा," भाचीने विचारलं, "बोटं मातीला लागली?"

"क्षणभर. मग बधिर झाली."

"कशी लागली?"

बदलीने थोडा विचार केला. "मला वाटलं होतं खरबरीत असेल. पण मऊ होती. पिठासारखी. आणि इतकी गार, की आधी ते भाजल्यासारखंच वाटलं."

भाची ऐकत होती. ती त्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेवरून आपला अंगठा फिरवत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दया असती तर आत्याने ओळखली असती. दुःखही ओळखलं असतं. तिने पोरीला लहानपणी दुसऱ्या मुलीच्या खेळण्याकडे बघताना पाहिलेलं होतं. हे तेच होतं. तिच्या भाचीला त्या तुटक्या हाताचा हेवा वाटत होता.

बदली भोळी होती, किंवा दमलेली. "तू सुटलीस बघ," ती भाचीला म्हणाली. "आत्यांना दोष वेळेवर दिसला म्हणून. नाहीतर हा हात आज तुझा असता."

शिवणखान्यातली यंत्रं थांबली होती. आत्याने भाचीकडे पाहिलं. बोल आता, तिने मनातल्या मनात हात जोडले, सगळ्यांसमोर खरं काय ते बोल आणि मला एकदाची मोकळी कर.

भाचीने डोळे पुसले, उठून उभी राहिली आणि कपड्यांना लागलेले दोरे झटकले.

"हो ना," ती म्हणाली. "आत्यांनीच वाचवलं मला."

आणि मग तिने सगळ्यांसाठी चहा सांगितला, आत्यासाठी बिनसाखरेचा.